साहित्यातून इंग्रजी शब्दसंपदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकवणारे शिक्षक आणि स्वतःच्या बळावर वाचून शिकणारे प्रौढ, या दोघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. साहित्य या शब्दात कथा, कादंबरी, कविता आणि नाटक हे चारही प्रकार धरले आहेत. व्याकरण आणि लेखनकौशल्य यांचा विचार केवळ शब्दांच्या अनुषंगाने केला आहे.

शब्दांच्या याद्या पाठ केल्या की शब्द येतात. मग त्यासाठी कथा-कादंबऱ्या कशाला वाचायच्या?

याद्यांनी शब्द येतात हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या साहाय्याने थोड्या वेळात बरेच शब्द ओळखीचे होतात. मात्र शब्दाची ओळख होणे आणि शब्द येणे यांत अंतर आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी शब्दज्ञानाची तीन अंगे मानली आहेत: शब्दाचे रूप, त्याचा अर्थ आणि त्याचा वापर. यादी पहिल्या अंगाची आणि दुसऱ्याच्या काही भागाची सोय करते, तर तिसरे अंग तिच्या आवाक्याबाहेरच राहते.

'रिलक्टंट' या शब्दापुढे यादीत 'अनिच्छुक' असे लिहिलेले असते. तेवढ्यावर विद्यार्थी या शब्दाचा नेमका वापर करू शकत नाही, कारण 'रिलक्टंट' माणूस अनेकदा ते काम करतोच, फक्त पाय ओढत करतो. एखाद्या कथेत मुलगी दाराच्या कडीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहते, मागे वळून पाहते आणि मग दार उघडते, आणि लेखक तिच्यासाठी हा शब्द वापरतो, तेव्हा त्या शब्दातली चालढकल वाचकाला दिसते. शिवाय त्याच्यापुढे 'टू' आणि क्रियापद येते हेही वाक्यातूनच लक्षात राहते, त्यासाठी वेगळा नियम सांगावा लागत नाही.

साहित्यातून नेमके कोणत्या प्रकारचे शब्द मिळतात?

माणसांच्या हालचाली, बोलणे, पाहणे, मनःस्थिती आणि भोवतालचे वर्णन यांचे शब्द साहित्यात जितके सापडतात तितके अन्य कोणत्याही लेखनात सापडत नाहीत. पाठ्यपुस्तकातील 'लुक' हे एकच क्रियापद शिकलेला विद्यार्थी कथेत शिरला की त्याला 'ग्लान्स', 'स्टेअर', 'गेझ', 'पीअर' आणि 'ग्लेअर' भेटतात. मराठीत आपण ओझरती नजर टाकतो, टक लावून पाहतो, भान हरपून पाहत राहतो, डोळे किलकिले करून पाहतो आणि डोळे वटारतो. मराठी हा फरक बहुधा क्रियापदाला जोड देऊन दाखवते, तर इंग्रजी त्यासाठी वेगळे क्रियापदच वापरते. बोलण्याच्या क्रियापदांतही हेच दिसते: 'व्हिस्पर' म्हणजे कुजबुजणे, 'मटर' म्हणजे पुटपुटणे, 'स्नॅप' म्हणजे खेकसणे. हा फरक एकदा कळला की विद्यार्थी क्रियापदांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो, आणि माझ्या मते कथावाचनाचा शब्दांच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

साहित्याची मर्यादाही ओळखून असावी. उच्च शिक्षणातील लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची एक यादी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबे आहेत. एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक शब्दकुटुंब होते. 'अनॅलाइझ', 'हायपॉथिसिस' यांसारखे त्यातले शब्द कादंबऱ्यांत फार थोडे आढळतात. ज्याला विद्यापीठात इंग्रजीतून शिकायचे आहे त्याने केवळ कादंबऱ्यांवर विसंबणे चुकीचे ठरेल.

वाचता वाचता शब्द आपोआप येतात, हे कितपत खरे आहे?

या प्रश्नावर टोकाची मते ऐकू येतात. स्टीफन क्रॅशन यांच्यासारखे अभ्यासक असे मानतात की समजेल अशा भाषेचे भरपूर वाचन हाच भाषा येण्याचा मुख्य मार्ग आहे. या मताला बळ देणारा एक महत्त्वाचा प्रयोग फिजीमध्ये झाला. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तेथील ग्रामीण शाळांमधील चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची प्रत्येकी सुमारे २५० पुस्तके दिली. त्याचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. आठ महिन्यांत या मुलांची वाचनातील आणि ऐकून समजण्यातील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती. पुस्तकांचा असा वर्षाव करण्याच्या पद्धतीला पुढे 'बुक फ्लड' म्हणजे पुस्तकांचा पूर असे नाव पडले.

दुसऱ्या बाजूने रॉब वेअरिंग आणि मिसाको ताकाकी यांचा २००३ सालचा अभ्यास सावध करणारा आहे. त्यांनी सोप्या केलेल्या एका पुस्तकातील २५ शब्दांच्या जागी बनावट शब्द घातले आणि ते पुस्तक जपानमधील विद्यार्थिनींना वाचायला दिले. पुस्तक वाचून होताच बऱ्यापैकी शब्द ओळखता आले, पण तीन महिन्यांनी सरासरी जेमतेम एका शब्दाचा अर्थ सांगता आला. पुस्तकात जे शब्द आठपेक्षा कमी वेळा आले होते, त्यांपैकी एकाचाही अर्थ तेव्हा कुणाला सांगता आला नाही.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवून पाहिले तर त्यांत फारसा विरोध नाही. फिजीतल्या मुलांनी पुष्कळ पुस्तके वाचली, आणि त्यामुळे तेच शब्द त्यांना वेगवेगळ्या गोष्टींत पुन्हा पुन्हा भेटले. जपानमधील अभ्यास एकाच पुस्तकाचा होता. एका कादंबरीच्या वाचनातून शब्दसंग्रह वाढावा ही अपेक्षाच अवाजवी आहे. एकतर वाचनाचे प्रमाण खूप वाढवावे लागते, नाहीतर वाचलेल्या थोड्या मजकुरातील निवडक शब्दांकडे जाणीवपूर्वक परत यावे लागते. बहुतेक वर्गांत वेळ मर्यादित असतो, म्हणून दोन्ही थोडे थोडे करावे लागते.

पुस्तक किती अवघड असावे?

या एका प्रश्नावर बाकी सगळे अवलंबून आहे, आणि याच बाबतीत सर्वाधिक चुका होतात. कोणाच्याही मदतीशिवाय आनंदाने वाचता यावे यासाठी मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाला ठाऊक असावे लागतात, असा निष्कर्ष मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली मांडला. त्याआधी बाटिया लाउफर यांनी १९८९ साली ९५ टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. हे आकडे पानावर उतरवून पाहिले की त्यांचा अर्थ कळतो. एका पानावर २५० शब्द धरले, तर ९८ टक्क्यांना ५ शब्द अनोळखी राहतात, ९५ टक्क्यांना १२-१३ आणि ९० टक्क्यांना २५. पानागणिक पंचवीस वेळा ठेच लागत असेल तर गोष्ट हातून निसटते, आणि गोष्ट निसटली की संदर्भही गेला; मग शब्दांसाठी कथा वाचण्यात काही अर्थ उरत नाही.

म्हणून विद्यार्थ्याला पुस्तकाच्या मधले कोणतेही एक पान वाचायला द्यावे आणि अनोळखी शब्दांसाठी एक एक बोट मोडायला सांगावे. एका हाताची बोटे संपली तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचू नये, शिक्षकाबरोबर वाचावे. दोन्ही हातांची संपली तर ते तूर्त बाजूला ठेवावे. पहिले पान तपासणीसाठी घेऊ नये, कारण कादंबरीचे पहिले पान बहुधा वर्णनाने जड झालेले असते आणि पुढच्या पानांचा खरा अंदाज देत नाही.

सोपी करून लिहिलेली पुस्तके हे खरे साहित्य आहे का?

'ग्रेडेड रीडर' या नावाने ओळखली जाणारी पुस्तके ठरावीक शब्दसंख्येच्या मर्यादेत लिहिलेली असतात. एखाद्या पातळीला चारशे, पुढच्या पातळीला हजार, अशी ती मर्यादा वाढत जाते. या प्रकाराची पायाभरणी करणाऱ्यांत मायकल वेस्ट यांचे नाव अग्रभागी आहे. १९२० च्या दशकात ढाक्यात शिक्षणाचे काम करताना त्यांच्या लक्षात आले की मुलांना जी पुस्तके दिली जातात त्यांत नवे शब्द फार दाटीने येतात आणि एकदा आलेला शब्द पुन्हा भेटत नाही. त्यांनी कमी आणि उपयोगी शब्दांत पुस्तके रचली. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची सर्वसाधारण वापराची यादी प्रसिद्ध केली, आणि ती अनेक दशके अभ्यासक्रमांचा आधार होती.

या पुस्तकांवर नाक मुरडणारे अनेक साहित्यप्रेमी भेटतात. मूळ लेखकाची शैली त्यांत उरत नाही हा त्यांचा आक्षेप योग्यच आहे. तरीही मूळ कादंबरी सहज वाचण्यासाठी किती शब्द लागतात, हे पाहिले पाहिजे. नेशन यांच्या २००६ सालच्या हिशेबाप्रमाणे ९८ टक्क्यांची पातळी गाठण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात. दोन हजारांवर असलेल्या विद्यार्थ्याने मधल्या वाटेवर काय वाचायचे? त्या वाटेसाठी सोपी पुस्तके आहेत. मूळ साहित्याचा एखादा उतारा, एखादी कविता शिक्षकाच्या सोबतीने सावकाश वाचावी, आणि घरी एकट्याने वाचण्यासाठी सोपी पुस्तके द्यावीत. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

लहान मुलांची पुस्तके प्रौढ शिकाऊंना द्यावीत का?

सरसकट देऊ नयेत. ती वाटतात तितकी सोपी नसतात, कारण ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच हजारो शब्द कानाने ठाऊक असतात, आणि लेखक ते गृहीत धरून प्राण्यांचे आवाज, खेळणी, अंगाई यांचे शब्द मोकळेपणाने वापरतो. प्रौढाला त्या शब्दांचा उपयोग थोडा, आणि विषयाचा कंटाळा मात्र मोठा. भाषा सोपी पण विषय मोठ्यांचा, अशी पुस्तके शोधावीत. अपराधकथा या दृष्टीने फार उपयोगी पडतात.

जुनी अभिजात पुस्तके आंतरजालावर विनामूल्य मिळतात. तीच वापरली तर?

१९७१ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या संग्रहांमुळे स्वामित्वहक्काची मुदत संपलेली हजारो पुस्तके कोणालाही मिळू शकतात, आणि ही मोठी सोय आहे. अडचण शब्दांच्या वयाची आहे. वापरातून गेलेले शब्द विद्यार्थी मेहनतीने पाठ करतो आणि ते त्याला पुन्हा कुठेच भेटत नाहीत. त्याहून फसवे असतात अर्थ बदललेले शब्द. दोनशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीत 'कंडेसेन्शन' हा वरिष्ठाने कनिष्ठाशी दाखवलेल्या सौजन्याचा गुण असू शकतो. आज तोच शब्द तुच्छतेने वागण्यासाठी वापरतात. अशा पुस्तकांतून शब्द निवडताना तो शब्द त्याच अर्थाने आजही चालतो का, हे आजच्या शब्दकोशात पाहूनच तो वर्गात न्यावा.

एका कथेतून किती शब्द शिकवावेत, आणि ते कसे निवडावेत?

पाच ते आठ, आणि मोह झाला तरी दहाच्या वर जाऊ नये. अवघड शब्द दिसला की त्याखाली रेघ मारण्याची शिक्षकांची सवय जुनी आहे. त्यामुळे कथेच्या शेवटी चाळीस शब्दांची यादी तयार होते, त्यांतील अर्धे शब्द निरुपयोगी असतात आणि कथेचा मात्र जीव गेलेला असतो.

निवडीसाठी आयझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली तीन स्तरांची कल्पना उपयोगी आहे. पहिल्या स्तरावर रोजच्या बोलण्यातले शब्द, तिसऱ्यावर एखाद्या विषयापुरते मर्यादित शब्द, आणि मधल्या स्तरावर असे शब्द जे निरनिराळ्या प्रकारच्या लेखनात वारंवार भेटतात पण बोलण्यात कमी येतात. समुद्रावरच्या कथेत 'शिप' पहिल्या स्तरावर आहे, जहाजाच्या एखाद्या दोरखंडाचे विशिष्ट नाव तिसऱ्यावर, आणि 'अबँडन', 'फेट', 'डेस्परेट' हे मधल्या स्तरावर. शिकवण्याचा वेळ मधल्या स्तराला द्यावा. दोरखंडाच्या नावासाठी 'एक प्रकारचा दोर' एवढे सांगून पुढे जावे. हे वर्गीकरण मुळात मातृभाषेतून शिकणाऱ्या मुलांसाठी केलेले आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याला पहिल्या स्तरातलेही बरेच शब्द शिकवावे लागतात, आणि 'गिव्ह अप', 'पुट ऑफ' यांसारखी जोडक्रियापदे तर हमखास.

आणखी एक कसोटी आहे: ज्या शब्दावाचून कथा कळतच नाही, तो कितीही दुर्मिळ असला तरी घ्यावा.

शब्दांचे अर्थ कथा वाचण्यापूर्वी सांगावेत की नंतर?

ज्यांच्यावाचून कथा अडेल असे दोन-तीन शब्द आधी सांगावेत, बाकीचे नंतर. दहा मिनिटे फळ्यावर अर्थ लिहून मग कथेला हात घातला तर वर्गाचा उत्साह आधीच मावळलेला असतो. शिक्षक स्वतः मोठ्याने कथा वाचत असेल तर वाचतानाच हावभावाने, चित्राने किंवा एका सोप्या शब्दाने अर्थ सुचवता येतो. एली यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गोष्ट नुसती ऐकवण्यापेक्षा ऐकवताना शब्दांचे असे छोटे खुलासे केले तेव्हा मुलांना दुपटीहून अधिक शब्द आत्मसात झाल्याचे दिसले.

संदर्भावरून अर्थ ओळखण्याच्या पद्धतीवर किती भरवसा ठेवावा?

लोक ठेवतात त्यापेक्षा कमी. ही सवय लावावी, ती आयुष्यभर उपयोगी पडते. पण लेखकाने वाक्य लिहिले ते गोष्ट सांगण्यासाठी, शब्दाचा अर्थ शिकवण्यासाठी नव्हे, हे विसरले जाते. समजा, वाक्य असे आहे: म्हातारीने दार उघडले, पाहुण्याकडे 'वीअरी' नजरेने पाहिले आणि ती आत वळली. ही नजर थकलेली, रागीट, दुःखी, संशयी यांपैकी कशीही असू शकते आणि प्रत्येक अर्थ वाक्यात चपखल बसतो. 'वीअरी' म्हणजे थकलेली. आणि त्याच्याशी स्पेलिंगने व उच्चारानेही जवळचा असलेला 'वेअरी' हा दुसरा शब्द आहे, ज्याचा अर्थ सावध. तोही इथे बेमालूम खपून जातो. संदर्भाने दिलेला अर्थ चुकला आणि चुकीचाच पक्का झाला, तर तो पुसणे नव्याने शिकवण्यापेक्षा अवघड असते.

म्हणून एक क्रम पाळावा. आधी शब्दाची जात ओळखावी: नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण? मग त्याचे भाग पाडता येतात का ते पाहावे. 'अन', 'रि', 'लेस', 'नेस' हे तुकडे ओळखणाऱ्याला एका शब्दातून चार शब्द उलगडतात. त्यानंतर मागचे आणि पुढचे वाक्य पाहून अंदाज बांधावा, तो पेन्सिलने समासात लिहावा आणि शेवटी शब्दकोशात ताडून पाहावा. आपला अंदाज चुकला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी तो शब्द सहसा विसरत नाही.

सर्वांत घातकी असतात ते ओळखीचे वाटणारे शब्द, कारण तिथे विद्यार्थी थांबतच नाही. 'बँक' म्हणजे पैसे ठेवण्याची जागा एवढेच ठाऊक असलेला वाचक, कथेतील मुले संध्याकाळी 'बँके'वर बसून पाय पाण्यात सोडतात हे वाचून गोंधळतो. तिथे नदीचा काठ अभिप्रेत असतो. 'फाइन' हा दंडही असतो आणि बारीकही, 'स्प्रिंग' हा झराही असतो, वसंतही आणि उडीही.

शब्दकोश कधी उघडावा? अर्थ मराठीतून सांगितलेला चालतो का?

वाचण्याच्या ओघात शब्दकोश उघडू नये, प्रकरण संपल्यावर उघडावा, असा साधा संकेत ठेवावा. तोच शब्द एका पानावर तिसऱ्यांदा आडवा आला तर मात्र थांबून पाहायला हरकत नाही. ई-वाचकावर शब्दाला स्पर्श केला की अर्थ दिसतो, त्यामुळे ओघ फारसा तुटत नाही. धोका इतकाच की इतक्या सहज मिळालेला अर्थ तितक्याच सहज विसरला जातो.

मराठी अर्थ सांगण्यात काहीही गैर नाही. इंग्रजीच्या तासाला मातृभाषेचा शब्दही उच्चारू नये, या हट्टापायी 'एन्व्ही' समजावताना शिक्षक पाच मिनिटे इंग्रजीतून धडपडतो, आणि वर्गातला प्रत्येक जण मनातल्या मनात 'मत्सर' म्हणून मोकळा झालेला असतो. एका शब्दाने काम होत असेल तर तो शब्द द्यावा. जिथे मराठी प्रतिशब्द अर्थाला पुरता झाकत नाही, तिथे फरक सांगण्यासाठी वेळ राखून ठेवावा. संपूर्ण कथेचे ओळीने भाषांतर मात्र करू नये, कारण त्यात विद्यार्थ्याचे लक्ष मराठी वाक्यावर राहते आणि इंग्रजी वाक्य कानावरून निघून जाते.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची मदत होते का?

रूप ओळखण्यापुरती खूप होते, अर्थाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मराठीत आलेला इंग्रजी शब्द बहुधा आपला एखादाच अर्थ घेऊन येतो आणि कधी कधी इथे आल्यावर नवा अर्थ घेतो. 'रिझल्ट' म्हणजे आपल्याकडे परीक्षेचा निकाल. कथेत तो कोणत्याही कृतीचा परिणाम असतो. 'टेन्शन' म्हणजे आपली काळजी. कथेत ते दोन माणसांतील तणावाचे वातावरण असते किंवा ताणलेल्या दोरातला ताण. 'सिन्सिअर' हा विशेष गमतीचा आहे. मराठी बोलताना आपण तो नेमाने अभ्यास करणाऱ्या मुलासाठी वापरतो, आणि इंग्रजी कथेत 'सिन्सिअर' माणूस म्हणजे जे बोलतो ते मनापासून बोलणारा. तो आळशीही असू शकतो. असे शब्द कथेत आले की थांबावे आणि मराठीतला वापर व कथेतला वापर शेजारी शेजारी मांडून दाखवावा. या तुलनेत विद्यार्थी फार रमतात.

वाचून शिकलेल्या शब्दांचे उच्चार चुकतात. त्याचे काय करावे?

मराठी बरीचशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, त्यामुळे आपला वाचक इंग्रजी अक्षरांवरही तोच विश्वास टाकतो आणि 'डेट', म्हणजे कर्ज, या शब्दातला मुका 'बी' किंवा 'आयलंड'मधला मुका 'एस' उच्चारून बसतो. ध्वनिपुस्तक ऐकत ऐकत तोच मजकूर डोळ्यांनी वाचणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. निवडलेले पाच-आठ शब्द शिक्षकाने स्वतः उच्चारून दाखवावेत आणि वर्गाकडून म्हणवून घ्यावेत.

कविता आणि नाटक यांचा शब्दांसाठी उपयोग होतो का?

कविता लहान असते, म्हणून पुन्हा पुन्हा वाचली जाते, आणि यमक व लय यांमुळे शब्द जिभेवर राहतो. पण कवितेत शब्दक्रम उलटसुलट असतो आणि शब्दांचे अर्थ मुद्दाम वाकवलेले असतात. नवशिक्याने कवितेतला शब्दप्रयोग जसाच्या तसा पत्रात वापरला तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. कवितेतून शब्द घ्यावा, रचना घेऊ नये.

नाटकाकडे मात्र शिक्षकांचे दुर्लक्ष होते, आणि ते अकारण आहे. आधुनिक नाटकातील भाषा बोलण्याची असते: विनंती, नकार, टोमणा, समजूत, माफी यांचे तयार वाक्प्रयोग संवादांत सापडतात. मुख्य म्हणजे नाटकाची तालीम करावी लागते. एखादा पंधरा मिनिटांचा प्रवेश बसवताना तेच संवाद वीस-पंचवीस वेळा म्हटले जातात आणि कोणालाही त्याचा कंटाळा येत नाही. शब्द पुन्हा पुन्हा भेटण्याची जी गरज वर सांगितली, ती इतक्या नैसर्गिकपणे भागवणारा दुसरा साहित्यप्रकार नाही.

वाचताना शब्द समजतात, पण बोलता-लिहिताना आठवत नाहीत. असे का होते?

समजण्याचा शब्दसंग्रह वापरण्याच्या शब्दसंग्रहापेक्षा नेहमीच मोठा असतो, अगदी मातृभाषेतही. वाचनाने पहिला वाढतो. दुसरा वाढवायचा तर शब्द तोंडातून किंवा लेखणीतून बाहेर यावा लागतो. कथा पुन्हा सांगणे हा त्यासाठी चांगला सराव आहे. फळ्यावर कथेतील सहा शब्द लिहावेत आणि ते वापरून जोडीदाराला कथा चार मिनिटांत सांगायला लावावी. मग जोडीदार बदलून तीच तीन मिनिटांत, आणि पुन्हा बदलून दोन मिनिटांत. तिसऱ्या खेपेला शब्द शोधावे लागत नाहीत. कथेतल्या दुय्यम पात्राने लिहिलेले पत्र, खलनायकाच्या तोंडून सांगितलेली तीच घटना, असे लेखनही द्यावे. अट एकच, की सहापैकी चार शब्द त्यात आले पाहिजेत.

शब्दांची वही कशी ठेवावी आणि उजळणी केव्हा करावी?

वहीत शब्द, कथेतले मूळ वाक्य, त्याचा अर्थ आणि त्याच्या सोबत येणारा एखादा शब्द, एवढे पुरे. मुसळधार पावसाला इंग्रजीत 'हेवी रेन' म्हणतात, 'बिग रेन' म्हणत नाहीत, अशा जोड्या शब्दाबरोबरच लिहिलेल्या बऱ्या. वर्णानुक्रमाने लिहिण्यापेक्षा कथेनुसार लिहावे, म्हणजे एका शब्दाबरोबर सगळा प्रसंग आठवतो.

शिकलेले सुरुवातीला झपाट्याने आणि मग हळूहळू विसरले जाते, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून दिले होते. त्यामुळे उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने अशी वाढत्या अंतराने करावी. उजळणी म्हणजे वही वाचून काढणे नव्हे. अर्थ झाकून तो आठवण्याचा प्रयत्न केला तरच तिचा उपयोग होतो.

प्रगती कशी मोजावी?

कथेतलेच वाक्य देऊन अर्थ विचारला तर पाठांतर मोजले जाते. शब्द नव्या वाक्यात द्यावा आणि वाक्य बरोबर वाटते का ते विचारावे. एखाद्या कथेची चाचणी महिन्याभराने, न सांगता घ्यावी. लगेच घेतलेल्या चाचणीचे गुण दिलासा देणारे असतात आणि बहुधा फसवे. स्वेच्छेने केलेल्या अवांतर वाचनावर मात्र चाचणी कधीही घेऊ नये, कारण तशी घेतली की ते वाचन स्वेच्छेचे राहत नाही.

निवडलेले पुस्तक विद्यार्थ्याला आवडले नाही तर?

बदलावे. साधारण वीस पाने वाचूनही पुढे काय होते याची उत्सुकता वाटत नसेल, तर ते पुस्तक परत करण्याची मुभा विद्यार्थ्याला असावी आणि त्याबद्दल त्याला कारण विचारू नये. वीस पानांत आलेले शब्द वहीत राहतातच. पुढच्या पुस्तकात त्यांतले दोन-तीन पुन्हा भेटतात का, एवढे पाहायला सांगावे.